विमाने होती, इंधन नव्हते : दुसऱ्या महायुद्धातील जर्मन विमानदलाची कथा

(शिक्षक, शासकीय कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासाठी योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



आज मी निवडलेला विषय प्रथमदर्शनी आपणांस फार दूरचा वाटेल. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या विमानदलाला इंधनाचा पुरवठा कसा होत होता, तो कसा तुटला आणि त्यामुळे त्या बलाढ्य दलाची काय अवस्था झाली, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. युद्धकथा ऐकताना आपले लक्ष बहुधा सेनापतींकडे, रणगाड्यांकडे आणि विमानांकडे जाते. ज्या टाकीतून त्या विमानात पेट्रोल भरले जाते, त्या टाकीकडे कोणी पाहत नाही. परंतु पुष्कळदा युद्धाचा निकाल त्या टाकीपाशीच लागलेला असतो. शेती असो, शाळा असो वा शासनाचा कारभार असो, पुरवठ्याचा हा धडा सर्वत्र सारखाच लागू पडतो, म्हणून हा विषय मला आपल्यापुढे मांडण्याजोगा वाटला.

प्रथम दोन आकडे सांगतो. १९३९ साली, म्हणजे युद्धाला तोंड लागले त्या वर्षी, जर्मनीत ८,२९५ विमाने तयार झाली. १९४४ साली, जर्मन शहरांवर रात्रंदिवस बॉम्बवर्षाव चालू असताना, त्याच देशात ३९,८०७ विमाने तयार झाली. म्हणजे पाच वर्षांत विमानांचे उत्पादन जवळजवळ पाचपट झाले. हे आकडे पाहून कोणीही म्हणेल की, १९४४ च्या अखेरीस जर्मन विमानदल सर्वांत प्रबळ असले पाहिजे. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. त्या वर्षाच्या अखेरीस जर्मनीच्या आकाशावर तिच्या शत्रूंची सत्ता चालत होती आणि कारखान्यांतून बाहेर पडलेली नवी कोरी विमाने तळांवर झाडांखाली झाकून ठेवलेली होती. हे असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर आज शोधावयाचे आहे.

कोळशाचा देश, तेलाचा दुष्काळ

जर्मनी हा कोळशाने संपन्न देश. रूर नदीच्या खोऱ्यात दगडी कोळसा आणि मध्य जर्मनीत लिग्नाइट नावाचा तपकिरी कोळसा विपुल. परंतु जमिनीखालचे खनिज तेल मात्र तेथे अत्यल्प. युद्धापूर्वी त्या देशाला लागणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल समुद्रापलीकडून जहाजांनी येत असे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराने जर्मनीची समुद्री कोंडी केली होती, तिची आठवण ताजी होती. पुन्हा युद्ध झाल्यास ही जहाजे येणार नाहीत, हे तेथील राज्यकर्ते पुरते जाणून होते.

१९३६ साली हिटलरने चार वर्षांची योजना जाहीर केली आणि तिची सूत्रे हर्मान गोअरिंगच्या हाती दिली. हाच गोअरिंग जर्मन विमानदलाचा प्रमुख होता. परदेशी इंधनावरचे अवलंबन संपवणे हे त्या योजनेचे एक मुख्य उद्दिष्ट होते. त्यासाठी जो मार्ग पत्करण्यात आला तो रसायनशास्त्राचा होता.

कोळशातून पेट्रोल

येथे शिक्षकबंधूंना रुचेल असे थोडे शास्त्र सांगतो. कोळसा आणि पेट्रोल ही दोन्ही मुख्यतः कार्बन व हायड्रोजन या मूलद्रव्यांची बनलेली आहेत. भेद प्रमाणाचा आहे. पेट्रोलमध्ये हायड्रोजनचे प्रमाण अधिक, कोळशात ते कमी. मग कोळशात बाहेरून हायड्रोजन मिसळता आला तर? फ्रीडरिश बर्गियुस या जर्मन शास्त्रज्ञाने १९१३ साली याच कल्पनेचे पेटंट घेतले. कोळशाची भुकटी जड तेलात कालवून तिचा लगदा करावयाचा, आणि सुमारे ४५० अंश सेल्सियस उष्णतेत, वातावरणाच्या दोनशे पटींहून अधिक दाबाखाली तिच्यावर हायड्रोजन वायूचा प्रयोग करावयाचा. असे केले असता कोळशाचे द्रवरूप तेल बनते आणि पुढील संस्कारांनी त्यातून पेट्रोल मिळते. उच्च दाबाच्या रसायनक्रियांवरील कार्याबद्दल बर्गियुस आणि कार्ल बॉश या दोघांना १९३१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आय. जी. फार्बेन या प्रचंड कंपनीने १९२७ साली लॉइना येथे या पद्धतीने पेट्रोल काढण्यास आरंभ केला.

फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२५ च्या सुमारास दुसरीही एक पद्धत शोधली होती. तिच्यात कोळशाचा प्रथम वायू करून त्यातून तेल काढीत. परंतु त्या पद्धतीचे पेट्रोल विमानाच्या इंजिनाला मानवणारे नव्हते. विमानाच्या इंजिनात इंधन फार मोठ्या दाबाखाली जळते. जे पेट्रोल तेवढा दाब सोसून ठोके न देता जळते, त्याचा ऑक्टेन अंक वरचा असे म्हणतात. असे वरच्या दर्जाचे इंधन बर्गियुसच्या हायड्रोजन पद्धतीच्या कारखान्यांतूनच मिळे. १९४४ पर्यंत जर्मनीत अशा पद्धतीचे बारा मोठे कारखाने उभे होते आणि विमानदलाला लागणाऱ्या पेट्रोलपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पेट्रोल अशा कृत्रिम मार्गानेच येत होते.

शास्त्राच्या दृष्टीने हा मोठा विजय होता. मात्र त्याची किंमतही तशीच मोठी होती. एक टन पेट्रोलसाठी कित्येक टन कोळसा खर्ची पडे. कारखान्याला लागणारे पोलाद, उच्च दाब सोसणारी नळकांडी, वीज, पाणी आणि कुशल मनुष्यबळ यांचा भार वेगळाच. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, तेलाच्या हजारो विहिरी विस्तीर्ण प्रदेशावर पसरलेल्या असतात, पण हे कारखाने मोजके होते, मैलभर पसरलेले होते आणि आकाशातून स्पष्ट दिसत होते. त्यांच्यातील नळ, पंप आणि वायूच्या टाक्या एकमेकांत अशा गुंतलेल्या असत की, एक भाग बंद पडला तर सारे काम खोळंबे. विमानदलाचा प्राण अशा बारा कुड्यांत साठवलेला होता, आणि त्या लपवण्याजोग्या नव्हत्या.

परक्या तेलाचा शोध

कृत्रिम पेट्रोल पुरत नव्हते म्हणून परक्या तेलाकडे नजर गेली. १९४० च्या फेब्रुवारीतील व्यापार करारानुसार रशियाकडून तेल येऊ लागले. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने त्याच रशियावर चाल केली आणि तो पुरवठा आपल्याच हाताने बंद केला. रुमानियातील प्लोएश्ती येथील तेलविहिरी व शुद्धीकरण कारखाने हा खऱ्या खनिज तेलाचा मोठा आधार उरला. १९४२ च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य कॉकेशस पर्वताकडील तेलक्षेत्रे घेण्यासाठी निघाले. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मायकोप हाती आले. पण माघार घेणाऱ्या रशियनांनी तेथील विहिरी आधीच निकामी करून ठेवल्या होत्या. तेल काढण्यासाठी खास पथक नेले होते, पण हाती नगण्य तेल आले आणि १९४३ च्या जानेवारीत तो मुलूख सोडावा लागला. ग्रोझनी आणि बाकू येथील मोठ्या तेलक्षेत्रांपर्यंत तर ते सैन्य पोहोचलेच नाही.

प्लोएश्तीवर अमेरिकन विमानांनी १ ऑगस्ट १९४३ रोजी उत्तर आफ्रिकेतील बेंगाझीहून येऊन अगदी खालून उडत हल्ला केला. १७७ बॉम्बफेकी विमाने निघाली होती, त्यांपैकी पन्नासहून अधिक परतली नाहीत. नुकसान झाले, पण काही आठवड्यांत ते बऱ्याच अंशी भरून काढण्यात आले. दोस्त राष्ट्रांनीही त्या दिवशी एक धडा घेतला. तेलाचा कारखाना एका तडाख्यात मरत नाही. तो दुरुस्त होताच पुन्हा मारावा लागतो, आणि पुन्हा पुन्हा मारावा लागतो.

बियाणे खाण्याची चूक

आता मी माझ्या व्याख्यानाच्या गाभ्याकडे येतो. इंधनाची टंचाई १९४४ साली एकाएकी उद्भवली असे समजणे चुकीचे होईल. ती आरंभापासून होती. प्रश्न एवढाच होता की, कमी पडणारे इंधन कोणाच्या वाट्याचे कापावयाचे? आघाडीवर लढणाऱ्या तुकडीचे कापले तर लढाई आज हरते. शिकाऊ वैमानिकाचे कापले तर आज काहीच बिघडत नाही, जे बिघडते ते पुढच्या वर्षी. जर्मन विमानदलाने दुसरा मार्ग पत्करला. १९४२ पासून विमानविद्या शिकवणाऱ्या शाळांच्या इंधनाला कात्री लागत गेली.

इतकेच नव्हे, १९४२-४३ च्या हिवाळ्यात स्टालिनग्राडला वेढल्या गेलेल्या सैन्याला हवाई मार्गाने रसद पोहोचवण्यासाठी प्रशिक्षण शाळांतील युंकर्स ५२ जातीची विमाने आणि त्यांवरील अनुभवी शिक्षकही आघाडीवर धाडण्यात आले. त्या मोहिमेत सुमारे ४९० वाहतूक विमाने नष्ट झाली आणि त्यांबरोबर पुष्कळ शिक्षकही गेले. वैमानिक घडवणारी माणसेच खर्ची पडली.

आपल्यापैकी शेतकरी बांधवांना यातील चूक मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दुष्काळात घरातले धान्य संपते, पोरेबाळे उपाशी असतात, तरी शहाणा कुणबी पेरणीचे बियाणे उंच फळीवर बांधून ठेवतो. त्याला ठाऊक असते की, ते खाल्ले तर आजची रात्र निभावेल, पण पुढचे साल बुडेल. प्रशिक्षणासाठी लागणारे पेट्रोल हे विमानदलाचे बियाणे होते. जर्मनीने ते खाल्ले.

परिणाम आकड्यांत दिसतो. युद्धाच्या पहिल्या वर्षांत जर्मन वैमानिक आघाडीवर येण्यापूर्वी सुमारे अडीचशे तासांचा उड्डाणाचा सराव करीत असे. १९४४ च्या उत्तरार्धात हा सराव सव्वाशे तासांच्याही खाली आला. त्याच काळात ब्रिटिश आणि अमेरिकन तरुण मात्र तीनशेहून अधिक तासांचा सराव करून लढाईत उतरत होते. ज्या पोराला धुक्यातून विमान नीट उतरवता येत नाही, त्याला शत्रूच्या कसलेल्या वैमानिकापुढे उभे केले जात होते. पुष्कळ जर्मन विमाने शत्रूच्या गोळीने नव्हे, तर उतरताना, वळताना, वाट चुकल्यामुळे नष्ट होऊ लागली.

१२ मे १९४४

असे असतानाही तेलाच्या कारखान्यांवर मोठा घाला घालण्यास दोस्त राष्ट्रांना १९४४ पर्यंत थांबावे लागले. मध्य जर्मनीपर्यंत सोबत जाऊ शकतील अशी लांब पल्ल्याची लढाऊ विमाने, विशेषतः मस्टँग जातीची, १९४४ च्या आरंभी पुरेशा संख्येने मिळू लागली. सोबत नसलेल्या बॉम्बफेकी विमानांची १९४३ साली जी हानी झाली होती, ती सोसण्याजोगी नव्हती.

नंतर वाद झाला तो अग्रक्रमाचा. अमेरिकन हवाई सेनापती कार्ल स्पाट्झ यांचे म्हणणे होते की, तेलावर घाव घातला तर जर्मन विमानदल आपले कारखाने वाचवण्यासाठी वर येईल आणि लढाईत खलास होईल. एअर चीफ मार्शल टेडर यांचा आग्रह फ्रान्समधील रेल्वे तोडण्यावर होता, कारण नॉर्मंडीवरील आक्रमण जवळ आले होते. २५ मार्च १९४४ च्या बैठकीत सरसेनापती आयसेनहॉवर यांनी रेल्वेच्या बाजूने निर्णय दिला. तथापि स्पाट्झ यांना तेलाच्या कारखान्यांवर काही हल्ले करण्याची मुभा मिळाली.

१२ मे १९४४ रोजी इंग्लंडमधून निघालेल्या जवळजवळ नऊशे अमेरिकन बॉम्बफेकी विमानांनी लॉइना, ब्योलेन, त्साइट्स, ल्युट्झकेनडोर्फ आणि ब्र्युक्स येथील कारखान्यांवर एकाच वेळी हल्ला केला. जर्मन लढाऊ विमानांनी कडवा प्रतिकार केला आणि चाळीसहून अधिक बॉम्बफेकी विमाने पाडली. पण कारखाने पेटले. जर्मनीचा शस्त्रोत्पादनमंत्री आल्बर्ट श्पेअर याने युद्धानंतर लिहिलेल्या आठवणींत या दिवसाला सर्वांत निर्णायक स्थान दिले आहे. त्याच्या मते जर्मन शस्त्रोत्पादनाच्या शेवटाचा आरंभ या दिवशी झाला.

पुढचे आकडे पाहा. हल्ल्यांपूर्वी कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांतून दरमहा सरासरी ३,१६,००० टन माल निघत होता. जूनमध्ये तो १,०७,००० टनांवर आणि सप्टेंबरमध्ये १७,००० टनांवर आला. केवळ विमानाचे पेट्रोल घेतले तर एप्रिलमध्ये १,७५,००० टन, जुलैमध्ये ३०,००० टन आणि सप्टेंबरमध्ये अवघे ५,००० टन. मे महिन्यापासून खर्च उत्पादनापेक्षा अधिक होऊ लागला आणि सहा महिन्यांत शिलकी साठाही जवळजवळ संपला.

दोस्तांचा मारा योग्य जागी बसत आहे, हे त्यांना जर्मनांच्याच तोंडून कळत होते. इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडले जात. ५ जून १९४४ चा एक संदेश असाच उलगडला गेला. हल्ल्यांमुळे विमानाच्या इंधनाची अत्यावश्यक गरजही भागणे कठीण झाले आहे, अशी कबुली त्यात जर्मन विमानदलाच्या मुख्यालयाने दिली होती. नॉर्मंडीवरील आक्रमणाच्या आदल्या दिवसाचा हा संदेश.

दुरुस्ती आणि तिची मानवी किंमत

जर्मनी स्वस्थ बसली नाही. मे अखेरीस एडमुंड गायलेनबेर्ग या अधिकाऱ्याला दुरुस्तीसाठी सर्वाधिकार देण्यात आले आणि त्याच्या हाताखाली साडेतीन लाखांपर्यंत माणसे राबू लागली. लॉइनाचा कारखाना पहिल्या हल्ल्यानंतर दहा दिवसांत अंशतः चालू झाला. २८ मे रोजी पुन्हा मारला गेला, तरी ३ जूनला पुन्हा सुरू झाला आणि जुलैच्या आरंभी पाऊण क्षमतेपर्यंत पोहोचला. मग पुन्हा बॉम्ब. असे एका वर्षात लॉइनावर बावीस हल्ले झाले आणि १८,३२८ टन बॉम्ब टाकण्यात आले. बॉम्बचा फार मोठा भाग कारखान्याबाहेर शेतांत आणि वस्तीत पडला. तरीही त्या संपूर्ण काळात लॉइनाचे सरासरी उत्पादन क्षमतेच्या नऊ टक्क्यांवर राहिले. जेवढे दिवस जोडण्यात जात, तेवढ्यातच पुन्हा मोडण्याची वेळ येई.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. या कारखान्यांत राबणारे सारेच स्वेच्छेने आलेले कामगार नव्हते. जिंकलेल्या देशांतून बळजबरीने आणलेले मजूर, युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदी यांच्याकडून ते काम करून घेतले जात होते. आउशविट्झच्या शेजारी मोनोविट्झ येथे आय. जी. फार्बेनने १९४१ पासून कृत्रिम रबर व इंधन यांसाठी प्रचंड कारखाना उभारावयास घेतला. त्या बांधकामावर हजारो बंदी उपासमारीने, श्रमाने आणि मारहाणीने मेले, आणि काम करण्यास असमर्थ ठरलेल्यांना वायुकोठड्यांकडे धाडण्यात आले. इटलीचे रसायनशास्त्रज्ञ व लेखक प्रिमो लेव्ही त्याच छावणीत बंदी होते. त्या कारखान्यातून कृत्रिम रबर अखेरपर्यंत बाहेर पडले नाही. कोळशातून पेट्रोल काढण्याच्या कौशल्याची प्रशंसा करताना हा हिशेब दृष्टिआड करता येत नाही.

या हल्ल्यांचा आणखी एक परिणाम शेतीशी निगडित आहे. जेथे हायड्रोजन तयार होतो तेथेच त्यापासून अमोनिया, म्हणजे नत्रखताचे मूळ, तयार होत असे. लॉइनासारखे कारखाने ही दोन्ही कामे करीत. त्यामुळे पेट्रोलबरोबर नत्राचे उत्पादनही दरमहा ७५,००० टनांवरून वर्षअखेरीस २०,००० टनांवर आले. नत्र स्फोटक दारूलाही लागते. सरकारने प्रथम शेतीच्या खताला कात्री लावली आणि नंतर दारूगोळ्यालाही लावावी लागली. पुन्हा तोच क्रम : आधी उद्याचे कापावयाचे, मग आजचे.

विमाने जमिनीवर

१९४४ च्या ऑगस्टमध्ये नव्या विमान-इंजिनांच्या चाचणीचा काळ दोन तासांवरून अर्ध्या तासावर आणण्यात आला, कारण चाचणीलाही पेट्रोल लागे. प्रशिक्षण आणखी घटले. त्याच महिन्याच्या २३ तारखेला रुमानियाने बाजू बदलली आणि महिनाअखेरीस रशियन सैन्य प्लोएश्तीत शिरले. तोही झरा आटला.

जेट इंजिनाचे मेसरश्मिट २६२ हे विमान वेगात दोस्तांच्या सर्व विमानांना मागे टाकणारे होते. त्याला वरच्या ऑक्टेनचे पेट्रोल लागत नसे, हलक्या प्रतीचे इंधनही चाले. परंतु तेही पुरेसे मिळेना. धावपट्टीपर्यंत जाण्यातच इंधन जळू नये म्हणून काही तळांवर ही अतिवेगवान विमाने बैल व गाई जुंपून ओढत नेली जात. विज्ञानाची परमावधी पुढे आणि बैलजोडी तिच्याही पुढे, असे ते दृश्य होते. बैलाचे महत्त्व आपण जाणतो, त्यामुळे मी ते हसण्यासाठी सांगत नाही. पण ज्या व्यवस्थेने आकाश जिंकण्याची भाषा केली, तिची अखेर कशी झाली ते त्यावरून ध्यानात यावे.

१६ डिसेंबर १९४४ रोजी आर्देन्नच्या जंगलातून जर्मनीने शेवटची मोठी चढाई केली. तिला पुरेल एवढे इंधन हाताशी नव्हते. शत्रूचे साठे जिंकून पुढे जाऊ, असा हिशेब होता. तो फसला आणि अनेक रणगाडे पेट्रोलअभावी रस्त्यातच सोडून द्यावे लागले. १ जानेवारी १९४५ च्या सकाळी साचवलेले इंधन खर्चून आठशेहून अधिक जर्मन लढाऊ विमाने बेल्जियम, हॉलंड व फ्रान्समधील दोस्तांच्या तळांवर तुटून पडली. नवशिक्या वैमानिकांना वाट सापडणार नाही म्हणून अनेक तुकड्यांपुढे युंकर्स ८८ जातीची वाटाडी विमाने द्यावी लागली. दोस्तांची पुष्कळ विमाने जमिनीवर जळाली, पण ती थोड्याच दिवसांत भरून आली. जर्मनीचे दोनशेहून अधिक वैमानिक मेले, बेपत्ता झाले वा पकडले गेले. त्यांत तुकड्यांचे अनुभवी नायकही होते. त्यांची जागा घेणारे कोणी उरले नव्हते. बियाणे आधीच खाऊन झाले होते.

मराठी जवान आणि इटलीचे आकाश

या कथेचा आपल्या भागाशी एक खरा दुवा आहे. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र. तेथून शिकून गेलेले जवान १९४३ ते १९४५ या काळात इटलीत जर्मन सैन्याशी लढत होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना वाचवून शत्रूची मशीनगनची ठाणी नष्ट केली. या दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वोच्च सन्मान मिळाला.

हे जवान डोंगर चढत होते, नद्या ओलांडत होते, तेव्हा समोरून मशीनगन होत्या, पायाखाली सुरुंग होते. परंतु डोक्यावरचे आकाश बहुतांशी दोस्तांच्या ताब्यात होते. जर्मन विमान क्वचितच दिसे. याचे सारे श्रेय इंधनटंचाईला देणे बरोबर होणार नाही. दोस्तांची संख्या, त्यांच्या वैमानिकांचे कौशल्य आणि जर्मन विमाने अन्यत्र हलवली गेली होती, हीही कारणे होती. तरी याच इटलीतील फोज्जा परिसराच्या तळांवरून उडणारी अमेरिकन विमाने प्लोएश्ती आणि सायलेशियातील कृत्रिम पेट्रोलचे कारखाने जाळीत होती, हे सत्य आहे. आमच्या गावांतून गेलेल्या पायदळ शिपायाचे रक्षण शेकडो मैल दूर पेटलेल्या पेट्रोलच्या टाकीने काही अंशी केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आपणांसाठी बोध

बंधुभगिनींनो, आता समारोपाकडे वळतो. या इतिहासातून तीन गोष्टी मला दिसतात.

पहिली, यंत्रांची मोजदाद म्हणजे शक्तीची मोजदाद नव्हे. ३९,८०७ विमाने हा कागदावरचा आकडा होता. त्या विमानात घालावयाचे पेट्रोल आणि ते चालवणारा शिकलेला हात, या दोहोंवाचून तो आकडा पोकळ होता. गावात किती पंप बसवले याचा अहवाल लिहिताना किती पंपांना वीज आहे, आणि ते दुरुस्त करणारा माणूस जवळ आहे काय, हेही अधिकाऱ्यांनी विचारले पाहिजे.

दुसरी, टंचाई वर्तुळाकार फिरते. इंधन कमी म्हणून प्रशिक्षण कमी, प्रशिक्षण कमी म्हणून कारखान्यांचे रक्षण दुबळे, रक्षण दुबळे म्हणून कारखाने जळाले, आणि कारखाने जळाले म्हणून इंधन आणखी कमी. असे चक्र एकदा फिरू लागले की, ते थांबवणे बारा कारखान्यांच्या मालकांनाही जमले नाही. ते सुरू होण्यापूर्वी ओळखणे एवढेच माणसाच्या हाती असते. आपला देशही आपल्या गरजेचे बहुतेक खनिज तेल बाहेरून आणतो, हे विसरून चालणार नाही.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी. जेव्हा जेव्हा पैशाची वा साधनांची ओढाताण होते, तेव्हा शिक्षणाच्या वाट्यावर कात्री चालवणे सर्वांत सोपे असते. कारण वर्गातले मूल तक्रार घेऊन कचेरीत येत नाही आणि नुकसान त्या वर्षी दिसत नाही. ते दहा वर्षांनी दिसते, आणि तेव्हा कापणारे हात कोणाचे होते हे कोणाला आठवत नाही. जर्मन विमानदलाला त्या चुकीचे फळ दोनच वर्षांत भोगावे लागले, म्हणून आपणांस ते इतके स्पष्ट दिसते.

हिटलरची राजवट कोसळली हे जगाचे भाग्य. तिच्या पराभवाबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण शत्रूच्या चुकीतूनही शिकता येते. फळीवरचे बियाणे सांभाळणे हे शहाणपण आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते शाळेत आणि कचेरीतही नेऊ या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.